दवंडी किती वेळा पिटावी?

एका जमिनीच्या दाव्यातील जुने कागद पाहण्यासाठी गेल्या वर्षी आम्हांस मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, परसवाडा या तहसिलीच्या गावी जावे लागले. मुक्काम एका वृद्ध मराठी गृहस्थांच्या घरी होता. तिन्हीसांजेस देवापुढे निरांजन लागले. नातवाने मोबाइलवर विठ्ठलाचा अभंग लावून तो देव्हाऱ्याच्या पायरीशी ठेवला आणि घरची मंडळी हात जोडून बसली. एक चरण संपून दुसरा सुरू व्हावयाचा, तोच त्या लहानशा पेटीतून एक चढा आवाज तात्काळ कर्ज घेण्याचा आग्रह करू लागला. मुलाने घाईघाईने बोट फिरवून तो थांबविला. अभंग पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळाने तोच आवाज, तेच शब्द, तेच कर्ज. तिसऱ्या खेपेस आजोबांनी मोबाइल उचलून पालथा ठेवला आणि राहिलेला अभंग आपल्या थरथरत्या आवाजात स्वतः म्हणून पुरा केला. रात्री जेवताना ते आम्हांस एवढेच म्हणाले, "वकीलसाहेब, आमच्या लहानपणी कोटवारही दवंडी देत असे. पण एकदा देऊन तो पुढल्या आळीत जात असे. देवळात शिरून देत नसे."

न्यायालयात आम्ही पुष्कळ युक्तिवाद ऐकले आहेत. परंतु वादाचा मुद्दा इतक्या थोड्या शब्दांत निश्चित करणारा युक्तिवाद क्वचितच कानी पडला असेल. आजोबांची तक्रार दवंडीविरुद्ध नव्हती. ती तिच्या वेळेविरुद्ध, जागेविरुद्ध आणि संख्येविरुद्ध होती. तथापि एकच बाजू ऐकून निकाल देणे हे आमच्या व्यवसायास शोभणारे नाही. तो अभंग त्या घरास फुकट मिळाला होता. तो गाणारा, वाजविणारा, ध्वनिमुद्रित करणारा आणि परसवाड्यापर्यंत पोहोचविणारा या सर्वांचा खर्च त्या कर्जाच्या जाहिरातीतूनच निघत होता. जाहिरात नको म्हणणे सोपे आहे. मग अभंगाचे मोल कोणी द्यावयाचे, हा प्रश्न लगेच उभा राहतो. म्हणजे खरा प्रश्न जाहिरात असावी की नसावी हा नसून, ती किती वेळा असावी आणि ते कोणी ठरवावे हा आहे. हा प्रश्न इंटरनेटने निर्माण केला असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः तो फार जुना आहे, आणि त्याच्या इतिहासात आपल्या मराठी मुलखाचा वाटा थोडाथोडका नाही.

'जाहिरात' हा शब्द आपल्याकडे 'जाहीर' या अरबी मुळाच्या शब्दावरून आला. कोंकणीत त्याचेच 'जायरात' झाले. जाहीर म्हणजे उघड, सर्वांना दिसेल असे. छापखान्याच्या आधी ही उघड करण्याची रीत म्हणजे दवंडी. ती केवळ गावरीत नव्हे, कायद्यानेही ती मानली आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, एकविसाव्या आदेशाच्या चोपन्नाव्या नियमात, स्थावर मिळकतीच्या जप्तीचा हुकूम त्या मिळकतीवर किंवा तिच्या लगत ढोल वाजवून अथवा रूढ असलेल्या अन्य रीतीने पुकारावा, आणि त्याची प्रत मिळकतीवर व न्यायगृहावर ठळक जागी लावावी, असे सांगितले आहे. बालाघाटकडे ज्यास कोटवार म्हणतात त्या गावकामगाराची नेमणूक १९५९ च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेत सांगितलेली आहे, आणि त्याच्या दवंडीस तिकडे मुनादी म्हणतात.

या व्यवस्थेकडे बारकाईने पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. दवंडीस मर्यादा घालणारा स्वतंत्र नियम करण्याची कोणासही गरज पडली नाही, कारण मर्यादा तिच्या अंगातच होती. ढोल वाजविणाऱ्याचे हात दुखत, पाय थकत, आणि पुढच्या आळीत जावयाचे असल्यामुळे तो एका दारी रेंगाळू शकत नसे. शिवाय तो माणूस समोर उभा असे. "बाबा, घरात आजारी माणूस आहे, पुढे जा," असे त्यास सांगता येत असे. सांगणारा आणि ऐकणारा एकमेकांस पाहत होते, म्हणून मर्यादेसाठी कायद्याचे कलम लागत नव्हते.

छापखाना आला आणि हे परस्परदर्शन संपले. कागदास थकवा येत नाही. हिंदुस्थानातील पहिले छापील वृत्तपत्र जेम्स ऑगस्टस हिकी याने २९ जानेवारी १७८० रोजी कलकत्त्यास काढले, तेव्हा त्याच्या नावातच 'जनरल ॲडव्हर्टायझर', म्हणजे सर्वसाधारण जाहिरात-पत्र, हे शब्द होते. वृत्तपत्र आणि जाहिरात ही या देशात जुळी जन्मली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. परंतु हिकीच्या वीस वर्षे आधीच लंडनमध्ये अतिरेकाची तक्रार सुरू झालेली होती. कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५९ साली एका निबंधात असे निरीक्षण नोंदविले की, जाहिराती आता इतक्या झाल्या आहेत की लोक त्यांवरून केवळ नजर फिरवितात, आणि म्हणून लक्ष वेधण्यासाठी मोठमोठी आश्वासने देणे भाग पडते. या एका निरीक्षणात पुढील अडीचशे वर्षांचा इतिहास बीजरूपाने आहे. संख्या वाढली की लक्ष घटते. लक्ष घटले की आवाज चढतो. आवाज चढला की लक्ष आणखी घटते. इंग्लंडच्या सरकारने १७१२ पासून दर जाहिरातीवर कर बसविला होता, आणि तो १८५३ साली उठला. पण तो कर तिजोरीसाठी होता, वाचकाच्या डोळ्यांसाठी नव्हता.

आपल्याकडे ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईस बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले, ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. दोन भाषांचे नियतकालिक चालविणे म्हणजे दुप्पट मजुरी आणि निमपट गिऱ्हाईक, हे आजच्या द्वैभाषिक मासिकाच्या चालकांस सांगावयास नको. केवळ वर्गणीवर पत्र चालविणे किती कठीण, याचा अनुभव मराठी पत्रकारितेने आपल्या पहिल्या शतकात पुरेपूर घेतला. तेव्हा जाहिरात ही आपल्याकडे चैन म्हणून आली नाही. ती जीव तगविण्याचे साधन म्हणून आली. १९०९ साली का. र. मित्र यांच्या 'मासिक मनोरंजना'ने पहिला दिवाळी अंक काढला. त्या परंपरेतील अंक ज्यांनी हाताळले आहेत त्यांस ठाऊक आहे की जाहिरातींची पाने बहुधा आरंभी आणि शेवटी असतात. कथा वाचताना कोणी हात धरून अडवीत नाही. वाचक ती पाने उलटतो, कधी वाचतोही, आणि त्याच पानांमुळे अंक आपल्या खिशास परवडतो हे तो मनातल्या मनात जाणून असतो.

याहूनही बोलके उदाहरण किर्लोस्करवाडीचे. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले ते मूळ आपल्या कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी. म्हणजे ते पत्रच मुळी एक जाहिरात होते. परंतु नांगराविषयी बोलत असताना शेतकऱ्यास उपयोगी पडेल असे काही सांगावे, त्याच्या घरातल्यांस रुचेल असे काही द्यावे, अशी दृष्टी संपादकाने ठेवली आणि पुढे त्या पत्राचे महाराष्ट्रातील एक प्रमुख मासिक झाले. वाचकाने जाहिरातीस दार उघडले, कारण ती हातात काही घेऊन आली होती. जाहिरात आणि वाचक ही जन्मजात वैरी नव्हेत, हे सिद्ध करण्यास एवढा एक दाखला पुरेसा आहे.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न प्रथमच कायद्याच्या दारी आला, आणि तो एका मराठी दैनिकाच्या निमित्ताने आला. पहिल्या वृत्तपत्र आयोगाने, ज्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष होते, १९५४ साली अहवाल दिला. त्यात वृत्तपत्रांच्या किमतीची आणि पृष्ठसंख्येची सांगड घालावी अशी शिफारस होती. मोठी पत्रे जाहिरातींच्या बळावर पुष्कळ पाने स्वस्तात देतात आणि लहान पत्रांस गिळतात, हे त्यामागील कारण. त्यानुसार १९५६ साली वृत्तपत्र (किंमत व पृष्ठे) अधिनियम झाला. कोणत्या किमतीस किती पाने द्यावीत, एवढेच नव्हे तर जाहिरातींस किती जागा द्यावी, हेही ठरविण्याचा अधिकार सरकारास मिळाला. १९६० साली त्याखाली आदेश निघाला. पुण्याचे 'सकाळ', जे डॉ. ना. भि. परुळेकर यांनी १ जानेवारी १९३२ रोजी स्थापन केले होते, त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले.

त्या खटल्यातील आकडे आजही वाचण्यासारखे आहेत. 'सकाळ'चा खप सुमारे ५२,००० होता. आठवड्यातील पाच दिवस सहा पाने आणि एक दिवस चार पाने असा अंक ७ नव्या पैशांस मिळे. आणि अंकातील सुमारे ४० टक्के जागा जाहिरातींस जात असे. वाचकास साठ टक्के मजकूर मिळत होता आणि उरलेल्या चाळीस टक्क्यांनी त्याच्या खिशावरील भार हलका केला होता. विशेष म्हणजे कंपनीच्या अर्जाबरोबर 'सकाळ'च्या दोघा वाचकांनीही स्वतंत्र अर्ज केले होते. सरकारचा हस्तक्षेप नको असे म्हणावयास केवळ मालकच नव्हे, वाचकही उभे राहिले!

२५ सप्टेंबर १९६१ रोजी घटनापीठाने निकाल दिला. तो लिहिला न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर यांनी. १९५६ पूर्वी बालाघाट जिल्हा ज्या नागपूरच्या उच्च न्यायालयाच्या अधिकारात होता, त्याच न्यायालयात ते आधी न्यायाधीश होते. न्यायालयाच्या विचाराचा सारांश असा: जाहिरातीची जागा कमी केली तर पत्राची किंमत वाढवावी लागेल, किंमत वाढली तर खप घटेल, आणि खप घटणे म्हणजे विचार पोहोचविण्याच्या स्वातंत्र्यावरच घाव. लहान पत्रांच्या हितासाठी मोठ्या पत्रांच्या भाषणस्वातंत्र्यास कात्री लावता येणार नाही. सबब संबंधित कलम आणि आदेश दोन्ही घटनाबाह्य ठरले.

हा निकाल आम्ही विद्यार्थिदशेत वाचला तेव्हा तो केवळ वृत्तपत्रस्वातंत्र्याचा वाटला. आता फिरून वाचताना त्याची दुसरी बाजू दिसते. न्यायालयाने जाहिरातीस वाचकाच्या माथी मारण्याचा परवाना दिला नाही. त्याने एवढेच सांगितले की हे प्रमाण सरकारने ठरवावयाचे नाही. मग कोणी ठरवावयाचे? अर्थातच संपादकाने आणि वाचकाने. 'सकाळ'चे चाळीस टक्के कोणत्याही अधिनियमाने आले नव्हते. ते त्या दोघांच्या रोजच्या मूक व्यवहारातून आले होते. अधिकार जपला गेला, आणि त्याबरोबर जबाबदारीही संपादकाच्याच गळ्यात पडली.

वृत्तपत्रात हा मूक व्यवहार शक्य होता, कारण डोळ्यास उडी मारता येते. कानास ती मारता येत नाही. म्हणून नभोवाणीचा इतिहास वेगळा झाला. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताविषयी त्यांची आस्था निःसंशय होती. परंतु चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार होताच श्रोत्यांनी रेडिओ सिलोनचा काटा शोधून काढला. तेथे त्याच वर्षाअखेर एका दंतमंजनाच्या कंपनीच्या खर्चाने 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. एकीकडे जाहिरात नसलेली सरकारी नभोवाणी, दुसरीकडे जाहिरात असलेले परके केंद्र, आणि श्रोता आनंदाने दुसरीकडे! त्या कार्यक्रमात कंपनीचे नाव आठवड्यातून एक तास कानांवर पडे, पण त्याबदली श्रोत्यास हवी ती गाणी मिळत आणि अमीन सायानींचा आवाज मिळे. सौदा उघड होता आणि श्रोत्यास तो मान्य होता. शेवटी १९५७ साली आकाशवाणीस विविध भारती काढावी लागली, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. जाहिरात-सेवेची ही पहिली तिन्ही केंद्रे महाराष्ट्रातील होती, हेही येथे नोंदवून ठेवू.

दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती आल्या. १९८७-८८ च्या रविवारी सकाळी 'रामायण' लागावयाचे तेव्हा मालिकेच्या आधी जाहिरातींची लांब रांग असे. लोक स्नान करून, दूरदर्शन संचास हार घालून बसत आणि ती रांग सोशीत. आम्ही त्या वेळी शाळकरी होतो; त्या जाहिराती आम्हांस पाठ झाल्या होत्या. रांग कंटाळवाणी होती, पण ती दाराबाहेरची रांग होती. पुढे खाजगी वाहिन्या आल्या आणि रांग घरात शिरली. कथेतील सून उंबरठ्यावर पाऊल ठेवते न ठेवते तोच साबण, पुन्हा पाऊल, पुन्हा साबण. तेव्हा मात्र कायद्यास बोलावे लागले. १९९४ च्या केबल दूरचित्रवाणी नियमांत पुढे अशी मर्यादा घातली गेली की तासाला बारा मिनिटांहून अधिक जाहिरात नसावी. त्यांपैकी दहा मिनिटे व्यापारी आणि दोन मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१२ व २०१३ साली हीच मर्यादा अमलात आणण्यासाठी विनियम केले. वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि तेथे ते प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. म्हणजे येथेही कलम लिहिणे जेवढे सोपे, तेवढे ते चालविणे कठीण, हाच अनुभव.

आता आपण परसवाड्याच्या त्या मोबाइलकडे परत येऊ. इंटरनेटवरील जाहिरातीच्या पट्टीचा जन्म २७ ऑक्टोबर १९९४ रोजी 'हॉटवायर्ड' या अमेरिकन प्रकाशनावर झाला असे मानतात. चारच वर्षांनी, १९९८ साली, राइस विद्यापीठातील बेनवे आणि लेन या दोघा संशोधकांनी दाखवून दिले की लोक पानावरील ठळक पट्ट्यांकडे पाहतही नाहीत. डोळा त्या जागेस चुकवून जातो. डॉ. जॉन्सन यांचे निरीक्षण प्रयोगाने सिद्ध झाले म्हणावयाचे. डोळा चुकवू लागला म्हणून त्याच्यासमोर उडी मारून येणारी खिडकी निघाली. त्या खिडकीची आज्ञावली लिहिणारे ईथन झुकरमन यांनी २०१४ साली जाहीर क्षमा मागितली, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. शोध लावून पुढे त्याबद्दल माफी मागण्याचा प्रसंग थोड्यांवरच येतो.

येथे हिशेबाची एक बाजू सांगणे अवश्य आहे, कारण अतिरेक दुष्टपणाने होतो असे समजणे चूक ठरेल. इंटरनेटवरील पुष्कळशा जाहिरातींचा दर हजार दर्शनांमागे ठरतो. म्हणून प्रत्येक अधिक दर्शनाचे पैसे आजच्या वहीत जमा होतात. उलट, कंटाळून निघून गेलेला वाचक कोणत्याच वहीत खर्ची पडत नाही. तो केवळ उद्या येत नाही. जमा दिसते आणि तोटा दिसत नाही, अशा दुकानात जे व्हावयाचे तेच येथे होते. दुसरे असे की सरासरी फसविते. एखादी जाहिरात माणशी तीन वेळा दिसली असे वहीत असते. पण त्यात कोणास ती मुळीच दिसलेली नसते आणि कोणास नऊ वेळा दिसलेली असते. तिसरे असे की प्रत्येक व्यापारी आपल्यापुरती मर्यादा पाळतो. बारा व्यापाऱ्यांनी दर दिवशी तीन-तीन वेळा अशी सभ्य मर्यादा घातली, तरी पाहणाऱ्या एकाच डोळ्यास छत्तीस प्रहार सोसावे लागतात. ज्या गावासाठी जाहिरात देणारे थोडे, तेथे तर त्याच दोनचार जाहिराती फिरून फिरून येण्याचा संभव अधिक. परसवाड्यास जो आवाज तीन वेळा आला, त्याचे कारण बहुधा एवढे साधे असेल.

मग पुरे किती? जाहिरातशास्त्रात यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. हर्बर्ट क्रुगमन यांनी १९७२ साली मांडले की तीन दर्शने पुरेशी असू शकतात: पहिल्याने माणूस 'हे काय आहे' असे विचारतो, दुसऱ्याने 'याचा मला काय उपयोग' असे विचारतो, तिसरे स्मरण देते, त्यापुढील सारी दर्शने तिसऱ्याचीच पुनरावृत्ती. हा आकडा कोणी शिलालेख मानू नये, कारण क्रुगमन मनाच्या अवस्थांविषयी बोलत होते, घड्याळाच्या ठोक्यांविषयी नव्हे. परंतु तत्त्व स्वच्छ आहे. सांगून झाल्यावर सांगत राहणे हे सांगणे नव्हे. २०१६ साली जाहिरातदार आणि प्रकाशक यांनीच मिळून एक मंडळ स्थापिले आणि पुढच्या वर्षी ठरविले की मोबाइलच्या पानावर मजकुराच्या उंचीच्या तीस टक्क्यांहून अधिक जागा जाहिरातीने व्यापू नये. २०१८ च्या फेब्रुवारीपासून गूगलचा क्रोम हा ब्राउझर हे निकष वारंवार मोडणाऱ्या स्थळांवरील जाहिराती गाळू लागला. पुण्याच्या छापील पानावर चाळीस टक्के जाहिराती वाचकाने खळखळ न करता स्वीकारल्या होत्या. तळहाताएवढ्या काचेवर तीसही जड होतात. कारण उघड आहे. छापील पानावर जाहिरात मजकुराच्या शेजारी बसते. काचेवर ती मजकुराच्या छातीवर बसते.

या साऱ्या इतिहासातून आम्हांस जे एक सूत्र दिसते ते असे. हिकीस आपली जाहिरात कोणी किती वेळा वाचली हे कळत नव्हते. 'सकाळ'च्या संपादकास कळत नव्हते. नभोवाणीवरील निवेदकासही कळत नव्हते. त्यांच्या हातून अतिरेक झाला तर तो अज्ञानाचा होता, आणि अज्ञानास क्षमा आहे. आज मात्र यंत्र मोजते. १९९४ सालीच निघालेली 'कुकी' नावाची छोटीशी खूणचिठ्ठी या ब्राउझरवर ही जाहिरात कितव्यांदा जात आहे ते सांगू शकते. दवंडीनंतर प्रथमच सांगणाऱ्यास ऐकणारा दिसू लागला आहे. जो पाहू शकतो आणि तरीही चौथ्यांदा, पाचव्यांदा, देवापुढील दिव्याच्या वेळी ओरडतो, त्याचा अतिरेक आता अज्ञान नव्हे. तो निर्णय आहे, आणि निर्णयाची जबाबदारी असते.

मोजण्यासाठी माणसावर पाळत ठेवावी काय, असा प्रतिप्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांचा माग काढणे आणि त्यांस उद्देशून जाहिराती योजणे यांस मनाई केली आहे, ती याच भयापोटी. परंतु 'ही जाहिरात येथे तीनदा दाखविली' एवढा आकडा त्या मोबाइलातच ठेवता येतो. त्यासाठी मालकाचे नाव, गाव, कुळ कोणास कळविण्याचे कारण नाही. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत पिच्छा पुरविणे आणि मजकुराचे सोंग घेतलेली जाहिरात यांचा समावेश अनुचित प्रकारांत केला आहे. तत्पूर्वी, १९९५ साली, टाटा प्रेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्यापारी जाहिरातीसही भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण आहे असे सांगताना, माहिती मिळण्याच्या लोकांच्या हक्काचा आधार घेतला. आमचे म्हणणे असे की जे स्वातंत्र्य ऐकणाऱ्याच्या हिताच्या आधारावर उभे आहे, त्याने ऐकणाऱ्याचा कान फोडू नये. कायदा येथवर दिवा धरील. चालावे लागेल ते प्रकाशकास.

कसे चालावे, हे आपल्या वाचकांस शिकविण्याची गरज नाही. आपण सर्वांनी देवळात कीर्तन ऐकले आहे. बुवांचा चरितार्थ चालावयास हवा हे सर्वांस मान्य असते. पण पूर्वरंग रंगात आला असताना कोणी ताट घेऊन श्रोत्यांतून फिरत नाही. मध्यंतरी बुवांस हार घालतात, बुक्का लावतात. उत्तररंग संपतो, आरती होते, आणि मग ताट एकदा फिरते. ज्याला टाकावयाचे तो टाकतो, ज्याजवळ नसेल तो नुसता हात जोडतो. ताट दुसऱ्यांदा फिरले तर लोक पुढच्या कीर्तनास येताना विचार करतील, हे बुवांसही कळते आणि देवस्थानच्या पंचांसही कळते. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, संख्या एक.

असल्या मासिकांसही हे लागू आहे. दोन भाषांचे लहान नियतकालिक वर्गणीवर जगत नाही. पतपेढीची, सराफाची, मंगल कार्यालयाची जाहिरात येते म्हणून कागदाचे बिल भागते. ती यावी, आणि वाचकांनी तिच्याकडे आपुलकीने पाहावे. पण उद्या हेच लेख मोबाइलच्या काचेवर वाचले जातील तेव्हा चालकांस मोह होईल, कारण तेथे दर पानाआड जाहिरात घालणे फुकट असते. त्या वेळी पहिला नियम एवढाच करावा: एका वाचकास एका दिवसात एक जाहिरात कितीदा दाखवावयाची हा आकडा आधी लिहून ठेवावा, आणि लेखाच्या मध्ये कोणासही प्रवेश नसावा. दुसरा असा की निघून गेलेल्या वाचकांची एक वही ठेवावी, म्हणजे न दिसणारा तोटा दिसू लागेल.

परसवाड्याहून निघताना आजोबांच्या नातवाने आम्हांस सांगितले की त्याने आता देवघरासाठी अभंग मोबाइलात साठवून ठेवले आहेत. दिवा लागला की इंटरनेट बंद. म्हणजे ज्या कर्जवाल्याने तीन वेळा हाक मारली, त्यास त्या घराचे दार तिन्हीसांजेपुरते कायमचे मिटले. एकदाच हाक मारून तो पुढल्या आळीत गेला असता, तर दार उघडे राहिले असते.